अनंत आणि कढीपत्त्यावरची खवले कीड : फवारूनही का जात नाही?

अंगणवेल
१४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. मावा आणि पिठ्या ढेकूण यांवर इथे पुष्कळ लिहिलं गेलंय, खवले किडीवर मात्र सलग काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

झाडं दोन. भिंतीलगत जमिनीतला अनंत, पाचेक फूट उंच, आतून दाट. शेजारी मोठ्या कुंडीत कढीपत्ता. ठिकाण पुणे, पाणी बोअरवेलचं. पानांच्या मागे मधल्या शिरेला धरून हिरवट-पिवळे, चपटे, लंबगोल ठिपके आहेत, तिळाएवढे. जागचे हलत नाहीत. कोवळ्या फांद्यांवरही तेच. पानं वरून चिकट, खालच्या पानांवर काळी पूड. खोडावर मुंग्यांची दिवसभर ये-जा. अनंताची नवी पानं पिवळी पडतायत.

कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं. ठिपके जिथल्या तिथे.

प्रश्न तीन. फवारणी कुठे चुकते? कढीपत्ता रोज खाण्यात आहे, त्यावर काय चालेल? आणि अनंत छाटावा की मुळासकट काढून टाकावा?

---

रोपवाटिका
१४ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

काढू नका! अनंत एवढ्याने मरत नाही.

---

हिरवा_चुडा
१४ फेब्रुवारी, सकाळी ९.५२

पानांवर काळं दिसतंय म्हणजे बुरशी. कार्बेन्डाझिम दोन ग्रॅम लिटरला घालून मारा, आठवड्यात साफ होईल.

---

भिंगवाला
१४ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

@हिरवा_चुडा, बुरशी आहे हे बरोबर, पण ती पानाला लागलेली नाही. किडीने टाकलेल्या गोड चिकट द्रवावर ती वाढते. त्या काळ्या थराला काजळी म्हणतात. ओल्या फडक्याने पुसला तर खाली हिरवंगार पान निघतं. बुरशीनाशक मारलं तरी वरून साखरपाणी ठिबकतंच आहे, चार दिवसांत थर परत येणार. उलट नुकसान असं की खवले किडीला मारणाऱ्या काही उपयोगी बुरशी असतात, त्या ह्या औषधाने मरतात.

@अंगणवेल, पाच रुपयांच्या नाण्याएवढं दहापट भिंग मिळतं, ते घ्या आणि एका ठिपक्याकडे नीट बघा. पाठीवर आतून दिसणारी काळसर, वेडीवाकडी, इंग्रजी यू अक्षरासारखी रेघ दिसली तर ती हिरवी खवले कीड. कॉफीच्या मळ्यांत हीच असते. अनंत, एक्झोरा, लिंबू ह्यांच्यावर हमखास.

ओळख पटवणं महत्त्वाचं, कारण खवले किडीचे मुख्य दोन गट आहेत आणि उपाय वेगळे पडतात.

मऊ खवले : अंगावरचं कवच म्हणजे तिची स्वतःची मेणचट कातडीच. नखाने उचललं तर कीड सगळीच्या सगळी येते. झाडाच्या रसवाहिनीतून रस ओढते, त्यामुळे साखर जास्त होते आणि ती मागून टाकते. चिकटपणा, काजळी, मुंग्या हे तिन्ही हिच्यामागे येतात. तुमची हीच.

कडक खवले : वर सुटं टोपण असतं, ते सुईने अलगद उचलता येतं आणि कीड खाली झाडालाच राहते. रसवाहिनीला हात न लावता ही पेशींतलं खाते, म्हणून चिकटपणा नाही, काजळी नाही. गुलाबाच्या जुन्या खोडावर पांढरट किंवा तांबूस खवले दिसतात ती ही.

---

मातीचे_पाय
१४ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

वरच्या प्रतिसादात भर घालून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

खवले किडीच्या आयुष्यात एकच काळ असा आहे जेव्हा ती उघडी असते : अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस. तेव्हा तिला सहा पाय असतात, आकार मिठाच्या कणापेक्षा लहान, रंग फिकट पिवळा. ही रांगती पिल्लं चालत नवी जागा शोधतात, सोंड खुपसतात आणि बसतात. मग अंगावर मेण चढू लागतं. ते पुरतं चढलं की वरून मारलेलं तेल, साबण, निंबोळी आत पोचणं अवघड होतं. तुम्ही मोठ्या माद्यांवर फवारत होतात. मादीच्या पोटाखाली अंडी असतात, म्हणजे छप्पर तिचं आणि पिल्लं त्याखाली सुरक्षित.

थंडीच्या देशांत पिल्लं वर्षातून एक-दोन ठरावीक वेळीच निघतात. आपल्याकडे तसं नाही. हिरवी खवले कीड नराशिवायच वाढते, एक पिढी साधारण दीड-दोन महिन्यांत पुरी होते आणि पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. झाडावर एकाच वेळी अंडी, पिल्लं, माद्या सगळं सापडतं. म्हणून एकच जोरदार फवारणी कुचकामी ठरते आणि पंधरा दिवसांचं अंतर फार होतं. सात ते दहा दिवसांच्या अंतराने सलग चार फवारण्या धरा.

पिल्लं फिरतायत का हे बघायला सोपी युक्ती : दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप किडक्या फांदीला गुंडाळा, दर तीन दिवसांनी काढून भिंगाखाली धरा. पिवळे ठिपके अडकलेले दिसले की लगेच फवारा. टेप दोन वेळा कोरी निघाली की थांबा.

---

सुगरण_माळीण
१४ फेब्रुवारी, दुपारी १.३०

तेल पाण्यात कसं मिसळलं होतं ते लिहिलेलं नाही. बहुतेकांचं तिथेच बिनसतं. कडुनिंबाचं तेल नुसतं पाण्यात ओतलं तर वर तरंगतं. पंप आधी पाणी मारतो आणि शेवटच्या पाव लिटरमध्ये नुसतं तेल येतं. अर्ध्या झाडाला काहीच नाही, उरलेल्याची पानं भाजतात.

एका लिटरसाठी :
कोमट पाणी १०० मिली, त्यात पोटॅशचा द्रव साबण (बागेसाठी मिळतो तो) ३ मिली. ढवळा. आता त्यात कडुनिंबाचं घाण्याचं तेल ५ मिली थेंब थेंब घालत झाकणबंद बाटलीत जोरात हलवा. दुधासारखं पांढरं व्हायला हवं. मग उरलेलं ९०० मिली पाणी. पाच मिनिटं ठेवून बघा, वर तेलाची कडी दिसली तर साबण कमी पडला.

थंडीत तेल तुपासारखं गोठतं, बाटली आधी कोमट पाण्यात उभी करायची. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी फाटतं. फवारताना पंप अधूनमधून हलवत राहा.

फवारायचं पानांच्या खालून वर. नोझल वर वळवता येणारा पंप नसेल तर फांदी हाताने उलटी धरा. वेळ ऊन उतरल्यावरची. आधी दोन-तीन पानांवर मारून ४८ तास थांबा, मग सगळ्या झाडावर.

---

जुनी_सायकल
१४ फेब्रुवारी, दुपारी २.१०

कपड्यांच्या पावडरीचं पाणी मारलं तर? स्वस्तात होईल.

---

सुगरण_माळीण
१४ फेब्रुवारी, दुपारी २.४४

@जुनी_सायकल, नको. त्यात सोडा, सुगंध, कपडे उजळवणारी रसायनं असतात. पानावरचा मेणाचा थर जातो आणि कडा करपतात. वारंवार मारलं तर कुंडीतल्या मातीत क्षार साचतात. कीटकनाशक साबण म्हणजे पोटॅशियमचा मऊ साबण, तो ह्याहून वेगळा.

साबणाबद्दल अजून एक, आणि हे अंगणवेल यांना थेट लागू आहे : बोअरवेलचं पाणी. जड पाण्यातला चुना साबणाला धरतो, दह्यासारखे कण होतात आणि साबणाचा जोर संपतो. काचेच्या बाटलीत पाणी आणि साबण हलवून पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी किंवा वर कण दिसले तर ते पाणी फवारणीला चालत नाही. पावसाचं साठवलेलं किंवा प्यायचं गाळलेलं पाणी घ्या. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी अजिबात घेऊ नका, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

---

अंगणवेल
१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

भिंगातून यू आकाराची काळी रेघ दिसली. बाटलीची परीक्षाही केली, बोअरच्या पाण्यात वर पांढरा चोथा जमला. म्हणजे दोन्ही फवारण्या त्याच पाण्यात वाया गेल्या. मुंग्यांचं काय करायचं? त्या किडीला खात असतील तर राहू द्याव्या का?

---

मातीचे_पाय
१४ फेब्रुवारी, रात्री ८.००

मुंग्या तिला खात नाहीत, तिची राखण करतात. गवळी गुरं राखतो तसं. गोड द्रव गोळा करतात आणि बदल्यात ढालकिडे, क्रायसोपा ह्या जाळीदार पंखांच्या हिरव्या कीटकाच्या अळ्या, परोपजीवी गांधीलमाश्या ह्यांना हुसकावून लावतात. मुंग्या अडवल्या तर बागेतले मित्र कीटक फुकटात अर्धं काम करतात. मी तर म्हणेन फवारणी नंतर, मुंग्या आधी.

जमिनीतल्या अनंताला : खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर आधी कापडाची किंवा कागदी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, सालीच्या खाचा बुजतील अशी. तिच्यावर कीटक पकडायचा चिकट गोंद बोटभर रुंद लावा. गोंद किंवा ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल उन्हात भाजते. आठवड्याने बघा, धूळ आणि मेलेल्या मुंग्यांचा पूल तयार झाला की पट्टी निकामी. महिन्याने पट्टी सोडून जागा बदला.

पट्टीच्या वर दुसरी वाट राहिली तर सगळं फुकट. भिंतीला टेकलेली एक फांदी, जमिनीवर लोळणारी एक फांदी, कपडे वाळत घालायची दोरी : मुंग्यांना एवढं पुरतं. तुमचा अनंत भिंतीलगत आहे, तेव्हा भिंतीपासून निदान चार बोटं मोकळा करा.

कुंडीला : परातीत तीन विटांचे तुकडे ठेवून त्यावर कुंडी, परातीत पाणी. कुंडीचं बूड पाण्यात नको. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास.

आमिष : १०० मिली पाणी, १० ग्रॅम साखर, १ ग्रॅम बोरिक पावडर. कापसाचा बोळा भिजवून झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत, मुंग्यांच्या रांगेशेजारी. बोरिक वाढवू नका. वाढलं की मुंगी वाटेतच मरते आणि वारुळापर्यंत काही पोचत नाही. लहान मुलं, मांजरं, कुत्री असतील तर डबी बंदिस्तच हवी.

---

लाल_जास्वंद
१४ फेब्रुवारी, रात्री ९.१८

थोडं विषयांतर. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस, पानं चुरगाळल्यासारखी गोळा झालेली, कळ्या उमलत नाहीत. ही पण खवले कीडच का?

---

भिंगवाला
१४ फेब्रुवारी, रात्री १०.०२

चुलत घराणं. तो पिठ्या ढेकूण, बहुधा जास्वंदीवरचा गुलाबी. कापूस बाजूला केला तर अंग गुलाबी दिसेल. त्याच्या लाळेमुळे शेंडा आखडतो. तो आखडलेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे चार बोटं खालून कापून पिशवीत बंद करा. कापताना फांदी झटकू नका, पिल्लं खाली सांडतात. पिशवी बांधून उन्हात दोन दिवस ठेवा, मग कचऱ्यात. कंपोस्टच्या टोपलीत टाकू नका.

आता एक कळकळीची विनंती. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत त्यांच्यापेक्षा मोठा, लांब पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असलेला, चपळ चालणारा किडा दिसला तर त्याला चिरडू नका! ती क्रिप्टोलिमस ह्या ढालकिड्याची अळी. हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि त्यांनाच खाते. ओळख चालीवरून : ढेकूण सुस्त, अळी लगबगीची. मोठा झाल्यावर हा भुंगेरा काळा, डोकं आणि शेपटीकडचं टोक तांबूस-केशरी.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये भारतात आणला तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी, म्हणजे अंगणवेल यांच्याकडच्याच किडीसाठी. तिच्यावर त्याचा विशेष प्रभाव पडला नाही, पिठ्या ढेकणांवर मात्र तो उत्तम चालला आणि इथेच स्थिरावला.

---

सह्यकडा
१५ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

एवढा खटाटोप कशाला? इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतायचं. झाड स्वतःच ते वर नेतं, रस पिणारी कीड मरते. पान उलटं करायला नको, पाण्याची परीक्षा नको.

---

मातीचे_पाय
१५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

@सह्यकडा, मऊ खवल्यांवर ते चालतं, हे खरं. पण इथे मी ते सुचवणार नाही.

कढीपत्ता रोज फोडणीत जातो. औषध पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही. तो प्रश्न इथेच मिटला.

अनंत आणि जास्वंद ही फुलझाडं. आंतरप्रवाही औषध मकरंदात आणि परागात उतरतं. जास्वंदीवर शिंजीर येतो, मधमाश्या येतात.

कडक खवल्यांवर इमिडाक्लोप्रिड फारसं लागू पडत नाही, कारण ती रसवाहिनीतून पीतच नाहीत. कित्येक जण गुलाबाला ते घालून "औषध भेसळीचं होतं" म्हणतात.

आणि त्याच्या वापरानंतर लाल कोळी उसळल्याची उदाहरणं बरीच आहेत. कोळी कीटक नाही, औषधाने मरत नाही. त्याला खाणारे मात्र मरतात.

---

सह्यकडा
१५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

कढीपत्त्याचा मुद्दा मान्य. फळा-फुलांशिवायच्या कुंपणाच्या झाडाला, सगळं करून दमल्यावर, लेबलवरच्या मात्रेत वापरायला हरकत नसावी असं अजूनही वाटतं.

---

पाटाचं_पाणी
१५ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक कुणी सुचवत असेल तर आधीच सांगून ठेवतो : ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. जुनी बाटली कपाटात पडून असली तरी घराच्या बागेत वापरू नका.

---

कुळागर
१५ फेब्रुवारी, सकाळी ११.२५

कोकण-गोव्याकडून थोडं. आमच्या हवेत बुरशीचं औषध चांगलं चालतं : लेकॅनिसिलियम लेकॅनी, दुकानात अजून व्हर्टिसिलियम लेकॅनी ह्या जुन्या नावाने मिळतं. भुकटी असेल तर ५ ग्रॅम लिटरला. पाकिटावरची तारीख नक्की बघा, त्यात जिवंत बीजाणू असतात आणि उन्हात ठेवलेलं पाकीट मेलेलं असतं. हवेत भरपूर ओलावा हवा, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये पावसाच्या उघडिपीत, संध्याकाळी. पुण्याच्या फेब्रुवारीत हवा कोरडी, तिथे आत्ता पैसे वाया. बुरशी लागलेल्या खवल्याच्या कडेने पांढरी झालर दिसते. ह्या फवारणीच्या मागेपुढे दहा दिवस बुरशीनाशक नको.

ओंबील, म्हणजे झाडावर पानांचं घरटं करणारी लाल मुंगी, तिचं वेगळं. आंब्या-काजूवर ओंबील उपयोगी, पुष्कळ किडी मारते. पण गोड द्रव देणाऱ्या खवल्यांना तीही सांभाळते. ओंबिलाचं घरटं सोडवलंत तर पानांच्या आत खवल्यांचा कळप सापडतो.

---

बे_एरियातली_वहिनी
१५ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

कॅलिफोर्नियात लिंबाच्या झाडांवर आणि कॅमेलियावर हा त्रास कायमचा. इथे मुख्य भर पातळ खनिज तेलावर असतो. भारतातही बागायतीचं खनिज तेल मिळतं. लिटरला १० ते १५ मिली. तेल कीड बुजवून मारतं, विषाने नाही, त्यामुळे जिथे थेंब पोचला तिथेच काम होतं.

पथ्यं : पारा ३२ अंशांच्या वर असेल तर नाही. झाड तहानलेलं असेल तर नाही, आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. गंधक मारलं असेल तर महिनाभर तेल नको, पानं जळतात. कळ्या उमलत असताना नको. पुण्यात हे मार्चच्या मध्यापर्यंतच जमेल असं वाटतं.

मित्र कीटकांचं नाव निघालंच आहे तर, १८८० च्या दशकात इथल्या संत्र्यांच्या बागा कापसासारख्या पांढऱ्या इसेर्या खवले किडीने उद्ध्वस्त होत होत्या. १८८८ मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून वेडालिया नावाचे छोटे लाल-काळे ढालकिडे पाठवले आणि वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. फवाऱ्यांनी जे झालं नव्हतं ते शंभर-दीडशे किड्यांपासून सुरू झालं.

---

पोथीवाचक
१५ फेब्रुवारी, दुपारी २.१५

आपल्याकडचं उदाहरण तर अलीकडचं आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला प्रथम दिसला, महाराष्ट्रातही पसरला. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि साथ आटोक्यात आली. त्यांचं शास्त्रीय नावच पपईवरून : ॲसेरोफॅगस पपाये.

आणि खवले किडीला नुसत्या शिव्या नकोत. लाख म्हणजे खवले कीडच. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर ती राळेचं कवच करते, तीच आपली लाख, बांगड्यांची आणि मोहोरेची. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे.

"किरमिजी" हा शब्दही हिचाच. ओकवर राहणाऱ्या खवले किडीचं नाव किर्मिज, तिच्यापासून लाल रंग काढत. पुढे निवडुंगावरच्या कोचिनीलने तो धंदा घेतला. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून जी कीड भारतात आणली ती खरी कोचिनील नव्हती, तिची भावकी होती. रंग हलका मिळाला, पण तिने फड्या निवडुंगाची रानंच्या रानं खाऊन टाकली.

---

लाल_जास्वंद
१५ फेब्रुवारी, दुपारी २.४०

किरमिजी जास्वंदीवर किरमिजीच्या भावकीचा हल्ला! पोथीवाचककाका, ह्यावर स्वतंत्र धागा काढाच.

---

गुलाबकाटा
१५ फेब्रुवारी, दुपारी ४.०५

गुलाबाच्या कडक खवल्यांबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही. जुन्या खोडाच्या तळाशी एकावर एक थर झालेले असतात, खोड चुन्याने रंगवल्यासारखं दिसतं. थर तसाच ठेवून फवारलं तर फक्त वरची टोपणं भिजतात.

आधी जुना मऊ दातघासणीचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खोड खालून वर घासा. हिरव्या कोवळ्या फांदीवर जोर नको. खोडावरच्या डोळ्यांभोवती, जिथून कोंब फुटतात तिथे, कापसाच्या काडीला ७० टक्क्यांचं सर्जिकल स्पिरिट लावून टेकवा, उन्हात नाही. घासलेला चुरा गोळा व्हावा म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरा. मग खनिज तेल. खोड पूर्ण पांढरं झालं असेल तर ते मुळाशी कापा, वाचवण्यात अर्थ नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. पिल्लं कात्रीवरून, हातावरून, बाहीवरून दुसऱ्या झाडावर जातात, वाऱ्यानेही जातात.

चकचकीत काळा, मसुराच्या डाळीएवढा ढालकिडा त्या खोडावर दिसला तर फवारणी दोन आठवडे लांबवा. तो किलोकोरस, आपला देशी, कडक खवले फस्त करतो.

---

फोडणी
१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

कढीपत्त्याचं सांगते. त्यावर औषधाआधी कात्री. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जोरात फुटतो, तेव्हा किडक्या फांद्या निम्म्यावर कापल्या तरी दीड महिन्यात भरून येतो. राहिलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने पानांच्या मागून धुवा, कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिक झाकून. पिल्लं धुऊन निघतात. मग ५ टक्के निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळीची भरड कापडात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी पिळून गाळून त्यात १ मिली साबण. दर आठवड्याला, चार वेळा. तोपर्यंत पानं बाजारातून आणा. शेवटच्या फवारणीनंतर आठवडाभराने तोडा आणि धुऊन वापरा.

कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या असतात, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या, मोठ्या झाल्या की हिरव्या. निंबोळीने त्याही मरतात. फवारण्याआधी अळ्यांसकट एखादी फांदी कापून दुसऱ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर टेकवून ठेवा. त्या आपणहून चढतात.

आणि युरिया बंद. नत्र जास्त झालं की रस गोड आणि कोवळा, खवल्यांची चंगळ.

---

अंगणवेल
१६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. उरलेले प्रश्न : मेलेला खवला आणि जिवंत खवला ओळखायचा कसा? आणि अनंत आत्ता छाटला तर यंदाची फुलं जातील का?

---

भिंगवाला
१६ फेब्रुवारी, सकाळी ९.००

नखाने दाबा. ओलसर, पिवळट द्रव आला तर जिवंत. कोरडा, कुरकुरीत, पापुद्र्यासारखा सुटला तर मेलेला. मेलेले आपणहून गळत नाहीत, महिनोन्‌महिने चिकटून राहतात, म्हणून "ठिपके जिथल्या तिथे" ह्यावरून फवारणी फुकट गेली असं ठरवता येत नाही. फवारणीआधी वीस आणि नंतर दहा दिवसांनी वीस खवले दाबून मोजा, झाडाच्या वेगवेगळ्या भागांतले. पाठीला एखादं नीट गोल भोक दिसलं तर आतून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडलीय. अशी भोकं बरीच असतील तर पंप ठेवून द्या.

---

रोपवाटिका
१६ फेब्रुवारी, सकाळी ९.३५

अनंताच्या छाटणीचं मी सांगतो. त्याच्या कळ्या आधीच्या वाढीच्या शेंड्यांवर धरतात. आत्ता वरून सपाट छाटला तर उन्हाळ्यातली फुलं गेली. म्हणून आत्ता फक्त आतली गर्दी काढा : एकमेकींवर घासणाऱ्या, भिंतीला टेकलेल्या, खवल्यांनी माखलेल्या फांद्या, त्याही बुंध्यापासून. एकूण झाडाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. हात आत घातला की पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, तरच फवारा आत पोचतो. मोठी छाटणी बहर सरल्यावर, पावसाळ्यात.

आता तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. नवी पानं पिवळी, असं तुम्ही लिहिलंय. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ते खवल्यांचं काम नाही, ती लोहाची कमतरता. अनंताला आम्लधर्मी माती लागते. बोअरचं चुनखडीचं पाणी आणि भिंतीतून झिरपणारा सिमेंटचा चुना ह्याने मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कीड गेली तरी पानं पिवळीच राहतील आणि तुम्ही पुन्हा फवारत बसाल. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्या, त्यातही ईडीडीएचए प्रकारचं, कारण चुनखडीच्या मातीत साधं ईडीटीए टिकत नाही. मात्रा पाकिटाप्रमाणे, आळ्यात, ओल्या मातीवर. जमेल तेवढं पावसाचं पाणी त्याच्यासाठी राखून ठेवा.

---

अंगणवेल
१६ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

शिरा हिरव्याच आहेत! तर क्रम असा धरते : आज पट्टी आणि परात, उद्या आतली छाटणी आणि धार, परवा संध्याकाळी गाळलेल्या पाण्यातली पहिली फवारणी, मग दर आठ दिवसांनी. लोह दुसऱ्या आठवड्यात. काजळी पुसायची की राहू द्यायची?

---

सुगरण_माळीण
१६ फेब्रुवारी, सकाळी १०.५०

हाताला लागतील तेवढी पानं ओल्या फडक्याने पुसा, त्यांना उजेड मिळेल. बाकीची राहू द्या, चिकटपणा थांबला की थर वाळून पापुद्र्याने सुटतो. खूण म्हणून एका फांदीला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या वर येणारी नवी पानं बघत राहा. ती कोरडी आणि स्वच्छ आली की चौथ्या फवारणीनंतर थांबा. ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला की टेप परत लावा, पाऊस सरल्यावर ही पुन्हा डोकं वर काढते.